गढीतली तारीख

विमलबाईचा फोन आला तेव्हा मोहनराव गोठ्यात म्हशीपुढं कडबा टाकत होते. विमलबाई ही त्यांची धाकटी बहीण, युसूफ वडगावला दिलेली. सणासुदीशिवाय ती फोन करायची नाही, म्हणून त्यांनी हातातली पेंढी तशीच खाली ठेवली.

"दादा, भगवानचं काई खरं न्हाई," ती म्हणाली. "त्याला इसर पडलाय. जेवला का न्हाई तेबी ध्यानात ऱ्हात न्हाई. पण रोज सकाळी उठून धुतलेलं धोतर नेसतो, टोपी घालतो अन् म्हणतो, आज तारीख हाय, दादा स्टँडवर वाट बघत असंल."

"कसली तारीख?"

"तुमच्या हिरीच्या दाव्याची. दुसरी कोणची असनार?"

भगवानराव मोहनरावांचा पाठचा भाऊ, वनमाला त्याची बायको. एकाच शिवारात, हाकेच्या अंतरावर दोघांची घरं; पण वीसेक वर्षांत एकानं दुसऱ्याला हाक मारली नव्हती. वाटेत समोरासमोर आले तर दोघांपैकी एक जण बांधाखाली उतरायचा.

"वनमाला आडवती तर तिच्या अंगावर जातो," विमलबाई सांगत होती. "परवा एकलाच निघाला. मांजरसुंब्याच्या चौकात ट्रकवाल्यानं कसाबसा ब्रेक मारला. डाक्टर म्हणला, त्याला खोटं पाडू नका, एकदा त्या जागेवर नेऊन आना, जीव थाऱ्यावर येईल. वनमालानंच मला सांगितलं, त्यांना इचार म्हणून."

"तिनं सोता?"

"सोता. पण तुझं नाव काई तिच्या तोंडात आलं न्हाई. 'त्यांना' म्हणली."

त्या रात्री मोहनरावांच्या घशाखाली भाकरी उतरली नाही. बायको गीताबाई गेल्यापासून ते एकटेच जेवायचे. ताट तसंच झाकून ठेवून ते आडवे झाले.

दावा होता विहिरीचा. वडलांनी खोदलेली, घडीव दगडाची, उन्हाळ्यातही न आटणारी विहीर. वाटणी झाली तेव्हा जमीन दोघांना सारखी आली; विहीर मात्र बांधाला लागून मोहनरावांच्या बाजूला पडली. वडील होते तोवर पाण्याच्या पाळ्या तोंडी चालल्या. ते गेले आणि पाळीवरून कुरबूर सुरू झाली. कुरबुरीचं भांडण झालं, भांडणाचा दावा. मोहनरावांचे सासरे सुंदरराव पंचायत समितीत उठबस असलेले. त्यांनीच बीडचा वकील गाठून दिला. "कागदावर हीर तुमची हाय," ते म्हणाले होते, "मग पाणी दुसऱ्याच्या रानात कावून जाऊ द्यायचं?" मोहनरावांना ते पटलं. तरुण वयात असलं काहीही चटकन पटतं.

तेव्हा त्या भागाचं मुन्सफ कोर्ट घाटनिमगावच्या गढीत भरायचं. घाटनिमगाव पाटोद्याच्या पुढं, घाटाच्या तोंडाशी. कुण्या जहागीरदारानं बांधलेली गढी. खाली काळा दगड, वर पांढऱ्या मातीच्या जाडजूड भिंती, चार कोपऱ्यांना चार बुरूज. निजामाच्या अमलात वरच्या दिवाणखान्यात कचेरी बसायची आणि खालच्या तळघरात कैदी असायचे. निजाम गेला, झेंडा बदलला, पण न्याय वर आणि कैदी खाली ही रीत काही बदलली नाही. कोर्टाच्या पायऱ्या चढताना पायाशी लोखंडी गजांच्या खिडक्या लागायच्या. आतून हात बाहेर यायचे आणि तंबाखू मागायचे.

मांजरसुंब्याहून घाटनिमगावला कोर्टाच्या वेळेत पोचवणारी एसटी एकच होती. त्यामुळं वादी आणि प्रतिवादी एकाच गाडीनं जायचे. पहिल्या तारखेला दोघं पुढं-मागं बसले. दुसऱ्या तारखेला गाडीत गर्दी होती, एकच बाक मोकळा होता. त्यानंतर जागा असली तरी ते शेजारीच बसू लागले. घरी एकमेकांचं तोंड न बघणारे भाऊ गाडीत पाऊसपाण्याचं बोलायचे, बहिणीच्या पोरांचं बोलायचे. दाव्याचं तेवढं बोलायचे नाहीत. दुपारी पुकारा झाला नाही की घाटाकडच्या बुरजाच्या सावलीत दोघांची फडकी सुटायची. वनमालाच्या हातची ज्वारीची भाकरी, गीताबाईच्या हातचा ठेचा. एकदा मोहनरावांच्या वकिलानं ते बघितलं आणि तो उखडला. "अहो, साहेबांनी पाहिलं तर दाव्यात जोर काय राहील? वेगळे जेवत जा." मग ते बुरजाच्या पलीकडं, बाभळीच्या आड बसून चोरून जेवू लागले. भगवानराव हसायचा. "दादा, आपुन भांडन करायलोय का चोरी, तेच कळंना."

एका तारखेला भगवानराव मोहनरावांच्या वकिलावर खवळला आणि भर कोर्टात बोलू नये ते बोलून गेला. मुन्सफानं त्याला कोर्ट उठेपर्यंत खाली कोठडीत बसवलं. मोहनरावांना गाडी धरून घरी जाता आलं असतं. ते गेले नाहीत. गजांच्या खिडकीशी फतकल मारून बसले आणि आतल्या भावाला तंबाखू मळून देत राहिले. दिवेलागणीला तो सुटला तेव्हा गाडी गेली होती. पाटोद्यापर्यंत दोघं चालत आले, वाटेत मुन्सफाला शिव्या देत.

असं बारा-तेरा वर्षं चाललं. मोहनरावांना पुढं फार उशिरा कळलं, की दावा होता म्हणून भाऊ होता.

शेवटी एक नवे मुन्सफ आले, वयानं तरुण. त्यांनी दोघांना पुढं बोलावलं. "तुम्ही एका गाडीनं येता, एका गाडीनं जाता, हे मला शिपायानं सांगितलंय," ते म्हणाले. "मग इथं कशाला येता? बाहेर जा, बोला, आणि मिटवून या. मी थांबतो."

दोघं बुरजाकडं गेले. भगवानराव तटाच्या दगडावर नख घासत उभा राहिला. मग म्हणाला, "दादा, हीर तुझीच म्हणून लिहून देतो. आठवड्यातलं तीन दिस पानी दे. बाकीचं तुझं तू बघ."

मोहनरावांच्या ओठावर हो आलं होतं. खरंच आलं होतं. पण तेवढ्यात त्यांना सासऱ्यांचा चेहरा दिसला, गावातल्या पारावरची माणसं दिसली, ती काय म्हणतील ते ऐकू आलं. निकाल आपल्या बाजूनं लागणार असं वकील छातीठोक सांगत होता. ते म्हणाले, "कोर्ट काय म्हनतंय ते बघू."

भगवानरावानं मान हलवली. पुन्हा विचारलं नाही.

निकाल मोहनरावांच्या बाजूनं लागला. परतीच्या गाडीत पुष्कळ जागा होती. भगवानराव पार मागच्या बाकावर जाऊन बसला. मांजरसुंब्याला उतरला तो मागं वळून न बघता चालू लागला. पुढच्याच दिवाळीनंतर त्यानं हातात कोयता घेतला. चार एकर बागायत करणारा गडी ऊसतोडीच्या टोळीत बायकोसह सांगलीकडं गेला, कारण पाण्यावाचून त्याच्या रानात बाजरीशिवाय काही येईना. विहिरीचं पाणीही मोहनरावांना फार दिवस पुरलं नाही. शिवारात बोअर वाढले, आणि कधी न आटणारी विहीर तीन-चार उन्हाळ्यांत आटली. आता तिच्यात पिंपळाचं रोप उगवलंय आणि पारवे राहतात.

विमलबाईमार्फत ठरलेल्या दिवशी मोहनराव सकाळीच मांजरसुंब्याच्या स्टँडवर जाऊन उभे राहिले. ढाब्यावर भज्यांचा घाणा निघत होता. समोरून वनमाला नवऱ्याचा हात धरून येताना दिसली. ती पार वाळली होती. केस पिकले होते, पण चाल तशीच ताठ. भगवानरावानं लांबूनच हात वर केला.

"दादा, लई येळ झाला का उभा राहून?" तो म्हणाला. "ही आवरीतच न्हाई लौकर."

भावाच्या तोंडून वीस वर्षांनी ऐकलेला तो "दादा" मोहनरावांच्या काळजात रुतला. ते कसेबसे म्हणाले, "न्हाई, आत्ताच आलोय."

गाडी आली. भगवानराव खिडकीशी बसला, शेजारची जागा हातानं झटकली आणि मोहनरावांना बस म्हणाला. वनमाला मागच्या बाकावर बसली. वाटभर तो बोलत होता. यंदा भुईमूग बरा हाय. विमलच्या थोरल्याला शाळेत घातलं का? त्याच्या डोक्यात साल कोणतं चाललंय ते मोहनरावांच्या ध्यानात आलं. विमलबाईच्या थोरल्याची पोरंच आता शाळा संपवत आली होती. त्यांनी "घातलं" म्हणून सांगितलं.

गढी ओळखू येत नव्हती. कोर्ट तिथून कधीच हललं होतं; सरकारनं डागडुजी करून गढीचं संग्रहालय केलं होतं. भिंतींना नवा चुना, पायऱ्यांना लोखंडी कठडे, आवारात हिरवळ. दाराशी बजरंग नावाचा पहारेकरी खुर्ची टाकून बसला होता. "खालचा कैदखाना आधी बघा, मग वर अदालत," त्यानं सवयीनं सांगितलं. कॉलेजची काही पोरं-पोरी तळघरात शिरून गज धरून फोटो काढून घेत होती.

भगवानराव गजांच्या खिडकीशी थांबला. वाकून आत बघितलं. "आज कैदी कमी हायेत," तो म्हणाला, आणि कोपरीच्या खिशातून तंबाखूची पुडी काढून चिमूटभर गजांच्या आत धरली. आतल्या पोरांपैकी एक जण हसायला लागला. शेजारच्या मुलीनं त्याला कोपरानं ढोसलं आणि पुढं होऊन ती चिमूट हातावर घेतली. "थँक्यू, आजोबा," ती म्हणाली. भगवानराव समाधानानं पायऱ्या चढू लागला.

वरच्या दिवाणखान्यात जुनं कोर्ट मांडून ठेवलं होतं. उंच ओटा, त्यावर टेबल, टेबलामागं काळा कोट घातलेला प्लास्टरचा न्यायाधीश. डावीकडं साक्षीदाराचा लाकडी पिंजरा. तो मात्र खराच होता, कठडा हातांनी घासून गुळगुळीत झालेला. भगवानरावानं दाराबाहेर वहाणा काढल्या, टोपी सरळ केली, पुतळ्याला दोन्ही हातांनी नमस्कार केला आणि भिंतीशी उकिडवा बसला. मोहनराव त्याच्या शेजारी बसले. वनमाला दारातच उभी राहिली.

लोक येत होते, बघून जात होते. भगवानरावाचं सगळं ध्यान पुकाऱ्याकडं. जरा वेळानं तो चुळबूळ करायला लागला.

"दादा, आपलं नाव कावून घेईनात?"

"घेतील."

"साहेब बोलंनात, हालंनात. रागावलेत का काय?" त्याच्या कपाळावर घाम आला. "मी मागं बोललो ना वकिलाला. त्येच धरून बसलेत. पुन्ना खाली टाकतील मला." तो उठायला लागला. आवाज वाढला तशी माणसं वळून बघायला लागली. बजरंग दारात आला.

वनमाला घाईनं पुढं झाली, पण तिच्याआधी मोहनराव उठले होते. काय करायचं ते त्यांनी ठरवलं नव्हतं. ते जाऊन पिंजऱ्यात उभे राहिले आणि दोन्ही हात कठड्यावर ठेवले. बजरंग "आजोबा, आत जायचं नाही" म्हणणार होता. त्यांचा चेहरा बघून तो थांबला.

"साहेब," मोहनराव पुतळ्याकडं बघून म्हणाले. "मी मोहन, थोरला. आमच्या बानं हीर दोघासाठी खांदली. ती माझ्या एकट्याची नव्हती, ते मला पयल्यापासून ठावं होतं. तीन दिस पानी भगवानचं. त्यानं मागितलं तवाच मी हो म्हनायला पायजे होतं. म्हनलो न्हाई. आमचं मिटलं असं लिहून घ्या."

मोहनराव भावाकडं वळले. त्यांना वाटलं होतं, तो हसेल, निदान शांत होईल. इतकी वर्षं आत साठलेलं एकदाचं बाहेर पडलं होतं, आणि ज्याच्यासाठी पडलं तो समोरच बसला होता.

भगवानरावाचा चेहरा उतरला होता.

"मिटलं?" तो म्हणाला. "म्हंजी दावा संपला?"

"संपला."

"मग आता आपल्याला तारीख न्हाई?" तो कावराबावरा होऊन कधी पुतळ्याकडं, कधी मोहनरावांकडं बघू लागला. "मग आपुन यायचं कसं, दादा? घरून मला कोन येऊ देईल?"

पिंजऱ्यातून उतरताना मोहनरावांचा पाय अडखळला; बजरंगनं दंडाला धरलं. भावाजवळ येऊन ते म्हणाले, "येऊ. तारीख नसली तरी येऊ." पण भगवानरावाला ते पटलं नाही. तो हळू आवाजात रडत होता, लहान पोर रडतं तसा, आणि वनमाला पदरानं त्याचं तोंड पुसत होती.

दुपारी ते घाटाकडच्या बुरजाशी बसले. बाभळ तोडून टाकली होती, सिमेंटचा बाक केला होता. वनमालानं फडकं सोडलं, दोघांपुढं भाकरी आणि कांदा-पिठलं ठेवलं. भगवानराव रडलेलं विसरून भूक लागल्यासारखा जेवायला लागला. ती स्वतः बसली नाही.

मोहनराव म्हणाले, "वनमाला, तूबी ऐकलंस ना मी काय बोललो ते."

"ऐकलं."

"मला माफ करावं असं मी म्हनत न्हाई…"

"नका म्हनू," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "हिरीत पानी होतं तवा बोलायचं होतं. आता ती कोरडी पडल्यावर तीन दिस कुनाचं अन् चार दिस कुनाचं? सुनिता माझी आठवीत होती. मास्तर घरी येऊन म्हनलं होतं, पोरगी हुशार हाय, शाळा सोडू नका. तिला संगं नेली उसाच्या थळावर, मोळ्या बांधायला. पंधरा-सोळाव्या वर्षी उजवून टाकली, तिथं उघड्या रानातल्या कोपीत तरनी पोरगी सांभाळायची कशी म्हनून. तीबी आता कोयताच धरती." तिनं भगवानरावाच्या फडक्यावरची भाकरी मोडून लहान तुकडे केले. "त्यांना इसर पडलाय. मला न्हाई पडला."

मोहनरावांनी मान खाली घातली. भाकरीचा घास हातात होता. तो तोंडात घालावा की खाली ठेवावा तेही त्यांना कळेना. दावा लागण्याआधी सुनिता तान्ही असताना त्यांच्या कडेवर बसून विहिरीवर यायची. तिचं लग्न झालं तेव्हा अक्षता टाकायलाही ते गेले नव्हते. सासऱ्यांना काय वाटेल, एवढाच विचार त्यांनी केला होता; आणि सासरे तर पुढच्याच साली वारले.

"दादा, खा ना," भगवानराव म्हणाला. "ठेचा कुठाय? वैनीनं ठेचा दिला न्हाई का आज?"

"ईसरली ती," मोहनराव म्हणाले.

परतीच्या गाडीत भगवानराव त्यांच्या खांद्यावर डोकं टाकून झोपला. मांजरसुंब्याला उतरल्यावर मोहनरावांनी वनमालाला विचारलं, अधूनमधून आलो तर चालेल का. ती नवऱ्याची टोपी नीट करत राहिली. मग म्हणाली, "मी बोलावनार न्हाई. आलात तर हाकलनारबी न्हाई."

मोहनराव भावाकडं जायला लागले. एका रानातून दुसऱ्या रानात जाणं ते, पण पहिल्या दिवशी बांध ओलांडताना त्यांना घाट चढल्याइतकी धाप लागली. भगवानराव धोतर नेसून तयार असायचा. गढीवर काही ते पुन्हा गेले नाहीत. मांजरसुंब्याच्या स्टँडपर्यंत जायचे, चहा प्यायचे, "आज गाडी न्हाई आली" म्हणून परत यायचे. तेवढ्यावर त्याचं भागायचं. कधी मोहनराव त्याच्या बाजेशी बसून जुनं काही सांगू बघायचे. निकालाच्या दिवसाचं, त्यानंतरचं. भगवानराव ऐकून घ्यायचा, पण ती वर्षं त्याच्याजवळ उरलीच नव्हती. ज्याचा अपराध केला त्याच्या गावीच अपराध नव्हता, आणि जिच्या ध्यानात होता तिला शब्द नको होते. सुनितालाही भेटावं असं त्यांच्या मनात होतं. ती टोळीबरोबर गेली होती. परत कधी येणार ते विचारायचं धाडस त्यांना वनमालापुढं झालं नाही.

उन्हाळा सरत आला तसा भगवानराव धोतर नेसेनासा झाला. स्टँडचं नाव काढीना. एके दुपारी मोहनराव नेहमीसारखे येऊन ओसरीवर टेकले, तेव्हा त्यानं त्यांच्याकडं बराच वेळ निरखून बघितलं.

"पाव्हनं, कोनच्या गावचं?" त्यानं विचारलं.

मोहनरावांनी गावाचं नाव सांगितलं.

"आरं, म्हंजी आमच्याच गावचं की," भगवानराव खुलून म्हणाला. "मग आमच्या मोहनदाला वळखत असाल तुमी. थोरला भाऊ माझा. कोठडीच्या भायेर बसून राहिलता माझ्यापायी. लई मायेचा मानूस."

वनमाला आत चुलीपाशी होती. भाकरी थापण्याचा आवाज थांबला.

"वळखतो," मोहनराव म्हणाले. भगवानराव त्यांच्या तोंडाकडं बघत राहिला. भावाचं आणखी काही चांगलं ऐकायला मिळेल अशा आशेनं.